उतरून पाहिलेला उतार

एका बर्फाच्या डोंगराखाली देवदारांचे दाट जंगल होते. त्या जंगलाच्या काठाला, एका पोकळ बुंध्यात, एक सशीण आपल्या दोन लेकरांसह राहत असे. थोरला लेक धीट होता, धाकटी लेक लाघवी होती, आणि सशीण, मुलांनो, सशीण भारी काळजीची होती. फांदीवरून बर्फाचा गोळा धप्पकन पडला की ती दचकून हातभर उंच उडे आणि खाली येताच आधी दोन्ही लेकरांचे कान चाचपून पाही. कान जागेवर सापडले की मग तिच्या जिवात जीव येई.

त्या जंगलात हिवाळ्याचा एक जुना रिवाज होता. थंडीच्या दिवसांत कोवळे कोंब मिळत ते फक्त खालच्या खोऱ्यात. भुसभुशीत बर्फातून चालत जावे तर पोटापर्यंत रुतायला होई. म्हणून सगळे प्राणी भूर्जाच्या गुळगुळीत सालीवर बसत आणि घसरत घसरत खोऱ्यात उतरत. पोरे जरा मोठी झाली की आईबाप त्यांना घसरायला शिकवत. आणि हा शिकवणीचा मोसम चालू असेपर्यंत कुणी कुणाला खायचे नाही, असेही ठरलेले होते. सशिणीचा या ठरावावर विश्वास होता, पण बोलताना ती कोल्ह्यापासून चार उड्या लांबच उभी राही.

यंदा पहिला बर्फ पडला त्याच दिवशी एक घोटाळा झाला. धाकटी कुणालाही न विचारता एका सालीवर जाऊन बसली, साल सुटली, आणि ती गडगडत एका खळग्यात जाऊन पडली. नाकाकानात बर्फ गेला. लागले काही नाही, पण भीती मनात बसली ती बसलीच. तेव्हापासून ती बुंध्याबाहेर पाऊल टाकीना. थोरला शेजाऱ्यांबरोबर जाऊन तिच्यासाठी कोंब आणी, सशीणही आणी. पण इवल्याशा तोंडात किती मावणार आणि वाटेत त्यातले थोरला स्वतः किती खाणार? धाकटीचे पोट खपाटीला जाऊ लागले. सशीण रोज तिच्या पाठीवरून जीभ फिरवी आणि मनाशी म्हणे, हिला एकदा, फक्त एकदा, न भिता घसरता आले पाहिजे. पण आता पुन्हा पडली, तर ही जन्मात बाहेर येणार नाही.

तेव्हा उतार नीट पारखून निवडायचा, असे तिने ठरवले आणि ती चौकशीला निघाली.

जो तो गरुडकड्याचे नाव घेई. तो जंगलातला सगळ्यांत उंच, सगळ्यांत नावाजलेला उतार. त्याच्या पायथ्याशी एक कोल्हा शेपटी फुलवून उभा असे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कड्याची महती सांगे. त्याची स्वतःची पिल्ले मात्र कधी तिथे दिसत नसत. कुणी विचारलेच, तर ती आत्ताच दोनदा घसरून घरी गेली, असे तो म्हणे. 

सशिणीने चार उड्यांवरूनच त्याला विचारायला सुरुवात केली. वारा कुठून येतो? मध्ये दगड आहेत का? लेकरू दमले तर टेकायला झुडूप आहे का? ऊन किती वेळ असते? आणि समजा, एखाद्याला मध्येच रडू आले, तर काय करतात?

कोल्ह्याने आधी सगळे ऐकून घेतले आणि मग तो म्हणाला, "ताई, तुम्हाला पोरं घसरायला आणायचीत की इथं सोयरीक जमवायचीय?"

आजूबाजूचे सगळे हसले. सशीणही हसली, कारण सगळे हसत असताना आपण एकटेच गंभीर राहिलो तर बरे दिसत नाही, असे तिला वाटे. तरी खात्री म्हणून तिने देवदाराच्या शेंड्यावर बसलेल्या कावळ्याला विचारले. कावळा सगळ्या डोंगरावरून रोज उडे, त्याला माहीत नसेल असे काही नव्हतेच.

"गरुडकडा होय?" कावळा चोच पुसत म्हणाला. "वरून कितीदा पाहिलाय. अगदी सपाट आहे."

आता तुम्हीच सांगा, आभाळातून पाहिल्यावर कुठला डोंगर सपाट दिसणार नाही? पण सशिणीला ते त्या वेळी सुचले नाही. मात्र केवळ ऐकीव गोष्टीवर विसंबणारी ती नव्हती. लेकरांचा प्रश्न होता. तिने स्वतः तो उतार तपासायचे ठरवले, आणि इथेच तिची चूक झाली. ही चूक सशांखेरीज कुणाच्या हातून होण्यासारखी नव्हती.

सशाचे मागचे पाय लांब असतात आणि पुढचे आखूड. त्यामुळे चढ आला की ससा वाऱ्यासारखा पळतो. उतारावर मात्र त्याची गाठ कोलांटीशी. सशीण गरुडकड्याच्या पायथ्याशी आली, तिने कान मागे टाकले आणि टणाटण उड्या मारत थेट माथा गाठला. धाप लागली नाही, पाय दुखले नाहीत. "अगंबाई, हा तर अगदीच सोपा," असे म्हणून ती बाजूच्या पाऊलवाटेने परत आली आणि कितीतरी दिवसांनी निर्धास्त निजली.

दुसऱ्या दिवशी ती धाकटीला गोंजारून, समजावून, पाठीवर घेऊन गरुडकड्याच्या माथ्यावर गेली. थोरला साली ओढत पुढे होता. माथ्यावर पोचल्यावर सशिणीने पहिल्यांदाच तोंड वळवून खाली पाहिले. उतार कुठे दिसेचना. दिसत होती ती फक्त कडेची पांढरी रेघ आणि तिच्यापलीकडे एकदम देवदारांचे शेंडे.

ती थांब म्हणेपर्यंत थोरला सालीवर बसलासुद्धा. सालीने अशी धाव घेतली की त्याची किंकाळी मागे वरच राहिली. मधल्या उंचवट्यावरून तो उडाला, साल एकीकडे, तो एकीकडे, आणि शेवटी कोल्ह्याच्या पुढ्यातल्या बर्फाच्या ढिगात तो कानांपर्यंत रुतला. कोल्ह्याने त्याला कानाला धरून उपटले आणि खालून ओरडून सांगितले, की पोरगा धडधाकट आहे, आता धाकटीला सोडा. जमलेल्या प्राण्यांनीही तेच गलका करून सांगितले. 

धाकटी आईच्या पोटाखाली शिरली होती. तिचे नाक तेवढे बाहेर होते. ते थरथरत होते.

"आई," तिने विचारले, "तू हा उतार पाहिला होतास ना?"

"पाहिला होता गं. दोनदा नाही, चारदा विचारून, वर स्वतः चढून पाहिला होता."

"चढून?" धाकटी म्हणाली. "पण आपल्याला तर उतरायचंय ना?"

खालून हाकांवर हाका येत होत्या. कुणी म्हणे, सोडा हो, शिकेल आपोआप. कुणी म्हणे, एवढे वर आणलेत ते काय देखावा बघायला? सशिणीचे कान लाजेने गरम झाले. सगळ्यांसमोर माघारी फिरायचे म्हणजे हिवाळाभर टोमणे खायचे. तिने धाकटीच्या सालीकडे पाहिले, मग धाकटीच्या नाकाकडे. मग तिने धाकटीला पुन्हा पाठीवर घेतले आणि बाजूच्या पाऊलवाटेने, एकेक पाऊल जपून टाकत, सगळ्यांच्या देखत ती कडा पायीच उतरली. 

"ताई," कोल्हा म्हणाला, "एवढ्या भित्र्या जिवानं बर्फात घर करू नये."

"खरंय," सशीण म्हणाली. तिने थोरल्याच्या कानातला बर्फ झटकला आणि दोघांना घेऊन ती घरी गेली.

पण घरी बसून धाकटीचे पोट भरणार नव्हते. सकाळी ऊन आल्यावर सशीण धाकटीला पाठीवर आणि थोरल्याला बरोबर घेऊन पुन्हा निघाली. या खेपेस तिने कुणाला काही विचारले नाही. नुसत्या दोन साली काखोटीला मारल्या. जंगलाच्या पूर्वेला याकांची उतरण म्हणून एक जागा होती. त्या जागेला उतार म्हणायलाही कुणी तयार नसे. एक म्हातारा याक आणि त्याचे भाऊबंद पाण्याला जाता येता ती तुडवीत, त्यामुळे तिथला बर्फ दबलेला आणि किंचित खरखरीत असे. सकाळपासून ऊन असे. शेवटी जमीन जराशी पुन्हा वर चढे आणि तिथे म्हातारा याक रवंथ करत उभा असे.

दोन्ही लेकरे उतरणीच्या माथ्यावर एका झुडपाआड बसली. सशीण सालीवर बसली. आणि मुलांनो, एक गोष्ट तिने आजवर कुणाला सांगितली नव्हती, ती आता तुम्हाला सांगायला हरकत नाही. सशीण स्वतः उभ्या जन्मात कधी घसरली नव्हती. लहानपणापासून ती भुसभुशीत बर्फातून रुतत रुतत, धापा टाकत, पायीच खोऱ्यात जात आली होती. तिने डोळे घट्ट मिटले, लेकरांची नावे घेतली आणि पाय सोडले.

साल निघाली. हळू, मग जरा भरभर, मग वाकडी. सशीण एका कुशीवर कलंडली आणि बर्फात लोळली. उठली, अंग झटकले, पुन्हा वर जाऊन बसली. पुन्हा कलंडली, या वेळी शेपटी वर आणि डोके बर्फात. झुडपाआडून खुदकन आवाज आला. धाकटी हसत होती. पुढच्या खेपेस सशीण कलंडली नाही. ती सरळ खाली आली, शेवटच्या चढाला साल आपोआप मंदावली आणि याकाच्या पायांपाशी येऊन आपोआप थांबली. तिने काहीच केले नव्हते. तिने एक डोळा उघडला, मग दुसरा.

"थांबले," ती याकाला म्हणाली.

"इथं सगळेच थांबतात," याक म्हणाला आणि पुन्हा रवंथ करू लागला.

सशिणीने मागे वळून लेकरांना हाक मारण्याआधीच धाकटी झुडपाबाहेर येऊन उभी होती. आई दोनदा पडली तरी तिचे कान जागेवर आहेत, हे तिने नीट पाहून घेतले होते. "आई," ती म्हणाली, "आता मी. पण तू तिथेच उभी राहा." सशीण तिथेच उभी राहिली. धाकटी मध्यावर एकदा कलंडली, तोंडातला बर्फ थुंकली, पुन्हा बसली आणि घसरत घसरत थेट आईच्या पोटावर येऊन आदळली. त्या दिवशी तिने उतरणीखालच्या खोऱ्यातले कोंब स्वतःच्या पायांनी जाऊन, स्वतःच्या तोंडाने, पोट टम्म होईपर्यंत खाल्ले. थोरल्याला एकही दिला नाही.

काही दिवसांनी, अजून कुणी आले नसताना, याकांच्या उतरणीवर एक लाल शेपटी दिसली. या खेपेस ती फुललेली नव्हती. कोल्हा आपल्या सगळ्यांत लहान पिल्लाला घेऊन आला होता आणि पिल्लू त्याच्या पायांत घुटमळत होते. कोल्ह्याने इकडेतिकडे पाहिले, मग चार उड्यांवर उभ्या असलेल्या सशिणीला खालच्या आवाजात विचारले, "ताई, इथं वारा कुठून येतो हो? आणि समजा, मध्येच याला रडू आलं, तर?"

सशिणीच्या ओठावर सोयरिकीचा टोमणा आला होता. पण तिने पिल्लाचे थरथरणारे नाक पाहिले आणि तो गिळून टाकला. आपली साल तिने कोल्ह्यापुढे सरकवली. "आधी तुम्ही बसा," ती म्हणाली. "दोनतीनदा पडा. तो बघतोय."

तात्पर्य : लेकरांसाठी वाट निवडताना ती किती उंच आणि किती नावाजलेली आहे हे विचारू नये, पडणारा त्या वाटेवर कुठे थांबतो, हे आधी स्वतः पडून पाहावे.