दगडापुढची गोष्ट

“दगड लागल्यावर पुढं काय झालं म्हणून सांगितलंस?” सगुणाबाईंनी विचारलं.

“पुढं... काही नाही, बाई. तिथंच थांबलो. सगळा मंडप रडत होता.”

तालुक्याची सुवार्तासभा होऊन आठवडा झाला होता. तीन दिवस रूबेन भांबळनं तिथं एकच चरित्र सांगितलं, सगुणाबाईंचं. चाळीस वर्षं गावोगाव सुवार्ता सांगत फिरलेल्या या बायबलबाई. त्यांच्याच रविवारच्या शाळेत तो शिकला, पुढं पाळक झाला.

शेवटच्या दिवशी त्यानं पिंपळदऱ्याची हकिकत सांगितली. तिथं केरबा नावाच्या माणसानं बाईंच्या कपाळावर दगड मारला होता. त्याच्या अंगात सैतान शिरला होता, असंही रूबेन म्हणाला.

आता बाईंनी पाठ थोपटावी, एवढीच त्याची अपेक्षा होती.

आज बाईंकडं आल्या आल्या त्यानं खोलीत बसलेल्या म्हाताऱ्याला सांगितलं होतं, “बाबा, जरा बाहेर बसा. आम्हाला बोलायचंय.” दर आठवड्याला बाईंचं पाणी भरायला येणारा तो म्हातारा उठला आणि अंगणात उन्हात जाऊन बसला.

“दुसऱ्या दिवशी मला बैलगाडीत घालून अकरा मैलांवरच्या दवाखान्यात कुणी नेलं?” बाईंनी विचारलं.

“त्यानंच. केरबानं.”

“आठ दिवस मला दिसत नव्हतं. पेज कोण पाजत होतं?”

“तोच.”

“हे मी तुला सांगितलं होतं ना?”

“हो... पण सभेत वेळ नव्हता, बाई.”

“किती वेळ होता?”

“दीड तास.”

बाईंनी दाराकडं तोंड करून हाक मारली.

“केरबा, आत या.”

अंगणातला म्हातारा आत आला.

रूबेन उभा राहिला. लहानपणापासून तो या माणसाला खांद्यावर घागर घेऊन येताना बघत होता. नाव कधी विचारलं नव्हतं.

“पाळकसायेब,” केरबा म्हणाले, “माझी नात हाय, वैजयंता. तालुक्याला शाळंत शिकवती. तिच्या वर्गातली पोरं मंडपात व्हती. त्यांनी फळ्यावर दगड काढला अन् खाली माझं अन् गावाचं नाव लिवलं... तिला म्या हे कधी सांगितलं नव्हतं. तवापास्नं ती शाळंत गेली न्हाई. माझ्याशी बोलत बी न्हाई.”

रूबेन त्यांच्या पायांशी वाकला. केरबा चटकन मागं सरले.

“तुमी खोटं कुठं बोललात? मारला व्हताच की म्या.”

रूबेनला मान वर करवेना.

“पुढच्या सभेत सगळं सांगतो, बाई. गाडीचं, पेजेचं. ह्यांना व्यासपीठावर बोलावतो.”

“मला नगं तिथं,” केरबा हळूच म्हणाले.

बाईंचा हात कपाळाकडं गेला. भुवईच्या वर जुनी, वेडीवाकडी खूण होती.

“पहिली बारा वर्षं मीही दगडापाशीच थांबायचे, रूबेन. पदर मागं सारून ही खूण दाखवायचे. बाया रडायच्या. मला बरं वाटायचं... मला गावोगाव नेऊन सोडणारी गाडी ह्यांचीच. हे बाहेर बैलांपाशी बसलेले असायचे. सगळं ऐकू जायचं ह्यांना. एका शब्दानं कधी बोलले नाहीत.”

केरबा दाराबाहेर बघत राहिले.

“मग मला स्वतःलाच ऐकवेना, तेव्हा पुढचं सांगायला लागले,” बाई म्हणाल्या. “तोवर उशीर झाला होता. शाळेत तू ती गोष्ट दगडापर्यंतच ऐकली होतीस. तू माझी सगळी शिकवण विसरलास, पण ही खोड तेवढी नीट उचललीस.”

नव्वदीला आलेले हात बाईंनी केरबांपुढं जोडले.

मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या आपल्या आवाजाची रूबेनला लाज वाटली.

“मी काय करू, बाई?”

“वैजयंताच्या घरी जा. आजच.”

“ती दार उघडणार नाही.”

“नाही उघडलं तरी उभा राहा.”

“पण उभा राहून... बोलू काय?”

बाईंनी पदर सारखा केला.

“बोलायला कुणी सांगितलं?”