वेलीने लावलेला निकाल

एकदा एक भुसार मालाचा व्यापारी आपल्या मुलीचा निकाल नेण्यासाठी घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका शाळेत गेला आणि हात हलवत परत आला. निकाल काय लागला, असे घरी विचारले तेव्हा तो म्हणाला, “पुढच्या वर्षी सांगतो म्हणाले.” आपल्याकडे निकालाला उशीर होणे काही नवे नाही. पण हा उशीर मुद्दाम केलेला होता, आणि तो का केला हे कळायला त्या व्यापाऱ्यालाही वर्षभर थांबावे लागले. वाचकांनी निदान शेवटापर्यंत तरी धीर धरावा.

त्या शाळेचे गुरुजी वयोवृद्ध होते. मितभाषी होते, आणि जे बोलत तेही एकदाच बोलत. ‘पुन्हा सांगा’ म्हणणाऱ्याला ते हसून पाणी प्यायला देत, पण पुन्हा सांगत नसत. शाळेत गणित, भूगोल, इंग्रजी सारे होतेच. त्याशिवाय दर मार्गशीर्षात नववीच्या मुलामुलींचा वनमुक्काम असे. प्रत्येकाला रानात एक जागा नेमून दिली जाई. सोबत एक कोयता, काडेपेटी, पाण्याचा लोटा आणि पुडीत मीठ. गळ्यात शिट्टी. निवारा, विस्तव, पाणी आणि पोट ज्याचे त्याने पाहायचे. हाकेच्या अंतरावर शिक्षक असत. शिट्टी ऐकली की ते धावत येत आणि मुलाला परत नेत. शिट्टी वाजवली म्हणून कोणी कोणाला हसत नसे.

व्यापाऱ्याची मुलगी गिरिजा त्या वर्षी नववीत होती. तिला ती शाळा मनापासून आवडे. व्यापाऱ्याला मात्र तिला तालुक्याच्या मोठ्या शाळेत घालायचे होते. “झाडपाला ओळखून कोणाचं भलं झालंय?” असे तो म्हणे. बापलेकीचा खूप वाद झाला, रडारड झाली, आणि शेवटी करार ठरला. वनमुक्कामात उत्तीर्ण झाली तर गिरिजा त्याच शाळेत राहील. नाहीतर निमूटपणे सामान बांधील. व्यापाऱ्याने हा करार आनंदाने केला, कारण मुलगी पाल दिसली तरी पलंगावर चढून बसते हे त्याला ठाऊक होते. जिंकणार याची खात्री असल्याशिवाय पैज लावणारा व्यापारी मी तरी अजून पाहिलेला नाही.

गिरिजा रानात गेली. पहिल्या दिवशी तिने कारवीच्या काठ्या रोवून, वर पानांच्या फांद्या टाकून खोप केली. ती इतकी बुटकी झाली की आत शिरताना डोके आत जाई आणि पाय बाहेर राहत. विस्तव पेटवताना अर्ध्या काड्या वाया गेल्या आणि डोळे धुराने लाल झाले. दुपारी मागे पाचोळा वाजला तेव्हा ती ओरडायच्या बेतात होती. तेवढ्यात झुडपातून एक रानकोंबडी बाहेर आली आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून निघून गेली. गिरिजाला स्वतःचेच हसू आले. आवळे खाल्ले, बोरे खाल्ली, वर ओढ्याचे पाणी प्यायली. पण आवळ्याबोरांनी भूक मरत नाही, उलट जास्तच जागी होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने शिट्टी दातांत धरली. बराच वेळ धरली. मग काढून पुन्हा गळ्यात सोडली. त्या क्षणी तिच्या मनात रान नव्हते की भूक नव्हती, तालुक्याच्या शाळेची ती चारमजली इमारत होती.

शेवटच्या दिवशी सकाळी एका कुंभ्याच्या झाडाला वेढे घालून गेलेली वाळकी वेल तिला दिसली. वेलीची एकदोन पाने तळाशी पडली होती. ती ओळखून तिने पुन्हा पुन्हा खात्री केली. ही कोनफळाच्या जातीची, खायला चालणारी. विषारी कडूकंदाची नव्हे. वेल जिथे मातीत जात होती तिथे तिने कोयत्याने खणायला सुरुवात केली. वरची माती नवल वाटावी इतकी भुसभुशीत होती. बरी सोय झाली, एवढेच तिला वाटले. खाली मात्र दगड होते. दुपार टळली, नखे मोडली, कोपर सोलवटले, आणि हाताएवढा लांब कंद एकदाचा मोकळा झाला. गिरिजा तिथेच मातीत बसली आणि मोठ्याने म्हणाली, “मिळाला!” ऐकायला कोणी नव्हते.

ती कंद निखाऱ्यांकडे न्यायला उठली आणि थांबली. मुक्कामाला निघायच्या आधी मिठाच्या पुड्या वाटता वाटता गुरुजी एक वाक्य बोलले होते. “कंद काढलात तर वरचा तुकडा डोळ्यासकट परत मातीत ठेवा.” बाकीची मुले तेव्हा कोयत्यांची धार पाहण्यात गुंतली होती. गिरिजाने वरचा लहानसा तुकडा कापला. मग तिला वाटले, इतका लहान कुजून जाईल. तिने आणखी मोठा कापला. ते करताना तिच्या तोंडाला पाणी सुटले होते, हे सांगायला हवे. तुकडा खड्ड्यात ठेवला, माती ओढली, पालापाचोळा घातला. साळिंदर उकरील म्हणून वर करवंदीची काटेरी फांदीही दाबून ठेवली. मग उरलेला कंद भाजला आणि मीठ लावून खाल्ला. मायच्या हातच्या सणासुदीच्या ताटालाही तशी चव नव्हती, असे ती पुढे सांगत असे, अर्थात माय जवळपास नाही हे पाहून.

मुक्काम संपला त्या सकाळी पालक शाळेच्या अंगणात जमले होते. काजळलेल्या तोंडाने, केसांत काटक्या घेऊन, पण ताठ मानेने गिरिजा रानातून बाहेर आली. पैज आपण हरलो हे व्यापाऱ्याला तिची चाल पाहूनच कळले, आणि हरल्याचे वाईट वाटण्याऐवजी त्याला तिचा अभिमानच वाटला. पण बापाने ते लगेच दाखवायचे नसते.

“गुरुजी,” तो म्हणाला, “पोरगी एकटी राहिली, शिट्टी वाजवली नाही. उत्तीर्ण ना?”

“निकाल पुढच्या वर्षी,” गुरुजी म्हणाले.

“पुढच्या वर्षी? अहो, मुक्काम यंदाचा! तपासायला एवढं काय ठेवलंय त्यात?”

“तपासणारा सावकाश काम करतो, शेठ. त्याला घाई चालत नाही.”

“कोण तपासणारा? नाव सांगा, मी जाऊन भेटतो.”

गुरुजी हसले आणि त्यांनी व्यापाऱ्याला पाणी आणून दिले.

गिरिजाचा चेहरा उतरला. आपले काय चुकले? वाया गेलेल्या काड्या मोजल्या असतील का? की बुटकी खोप? वडील आता सामान बांधायला सांगणार, या धास्तीने तिला जेवण गेले नाही. रात्रीपर्यंत व्यापारीही येरझारा घालत राहिला, आणि मग म्हणाला, “आणखी एक वर्ष राहा तिथे. तुझ्यासाठी नाही हो. त्या म्हाताऱ्याचं कोडं सुटल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.” शाळेत तिने दहावीच्या मुलांना विचारून पाहिले, तर ती एकमेकांकडे पाहून हसली आणि म्हणाली, “कळेल.” वर्षभर ती हाच विचार करत राहिली. कंदाचा तुकडा पुरल्याची गोष्ट तिच्या मनात एकदाही आली नाही. ती तिला परीक्षेतली वाटलीच नव्हती.

पुन्हा मार्गशीर्ष आला. नवी मुले रानात गेली. मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी गुरुजींनी बापलेकीला बोलावून घेतले. “शेठ, वहाणा हातात घ्या. फार करकरतात.” व्यापाऱ्याने कोऱ्या वहाणा काढून हातात घेतल्या आणि खड्यांवरून ‘स्स, हाय’ करत तो गुरुजींच्या मागे चालू लागला. कारवीच्या दाट जाळीमागे तिघे बसले. गुरुजींनी ओठांवर बोट ठेवले.

समोर कुंभ्याचे झाड होते. गिरिजाने ते चटकन ओळखले. झाडाखाली नव्या तुकडीतली एक मुलगी खणत होती. चेहरा भुकेने बारीक झालेला, केस मातीने भरलेले. ती खणत राहिली, मध्येच रडकुंडीला आली, पुन्हा खणू लागली. शेवटी दोन्ही हात खड्ड्यात घालून तिने जोर लावला आणि चांगला जाडजूड कंद वर आला. कंद छातीशी धरून ती मुलगी रानात मोठ्याने हसली.

“गिरिजा, निकाल लागला,” गुरुजी हलक्या आवाजात म्हणाले. “तू उत्तीर्ण झालीस.”

गिरिजा त्या खड्ड्याकडे पाहत राहिली. मग तिला सारे आठवले. तो तुकडा, ती काटेरी फांदी, ते तोंडाला सुटलेले पाणी. आणि त्याआधीची ती भुसभुशीत मातीही.

“गुरुजी, मग मी खाल्ला तो...?”

“तोही कोणीतरी ठेवला होता, पोरी. तुझ्या आधीच्या वर्षी. आणि त्याने खाल्ला तो त्याच्या आधी कोणी.”

व्यापाऱ्याला राहवले नाही. “पण गुरुजी, हे तेव्हाच सांगायचं होतंत! पोरीचा वर्षभर जीव टांगणीला लागला. माझाही लागला, खोटं कशाला बोलू?”

गुरुजी म्हणाले, “शेठ, ती रानात जगली हे तिला त्याच दिवशी कळलं होतं. तुम्हालाही कळलं होतं, मी पाहिलं तुमच्याकडे. त्याला माझ्या शिक्क्याची गरज नव्हती. पोट भरायची विद्या भूकच शिकवते. मला पाहायचं होतं ते वेगळंच. पोटात आग असताना, कोणी बघत नसताना, जो अजून आलेलाच नाही त्याचा वाटा हिने काढून ठेवला का? निकाल त्यावर आहे असं आधी सांगितलं असतं, तर तिनं तो माझ्यासाठी पुरला असता. आणि ठेवलेलं रुजलं की नाही, हे मी कसं सांगणार? पाऊस पडावा लागतो, वेल चढावी लागते, वाळावी लागते. ती वेल तपासते. मी फक्त निकाल वाचून दाखवतो.”

“आणि ज्यानं पुरला नसेल त्याचं काय?” गिरिजाने विचारले.

“त्याच्या खड्ड्यात मी पुरतो. नव्या मुलानं का उपाशी राहावं? नापास कोणाला म्हणत नाही. त्यालाही एवढंच सांगतो, निकाल पुढच्या वर्षी.” गुरुजींच्या डोळ्यांत मिस्कील हसू आले. “काही निकाल अजून लागायचे आहेत. एकदोघांची तर लग्नंही झाली.”

व्यापारी हातातल्या वहाणांकडे पाहत म्हणाला, “बियाणं वेगळं काढल्याशिवाय शहाणा शेतकरी माझ्या दुकानी माल आणत नाही. इतकी वर्षं पाहतोय. पण घरी ते शिकवायचं मला सुचलं नाही, गुरुजी.” आणि मग, मुलगी जवळच बसली आहे याचे भान न ठेवता, “माझी पोर आहे हो ती,” असे तो बोलून गेला. गिरिजाने तोंड फिरवले. वडिलांच्या तोंडून असे काही ऐकण्याची तिला सवय नव्हती, आणि तिला ते पुन्हा ऐकावेसेही वाटत होते.

समोरच्या मुलीने कोयता उचलला होता. गिरिजा एकदम अर्धवट उठली. “गुरुजी, तिला आठवण करून देऊ? वरचा तुकडा...”

गुरुजींनी मनगट धरून तिला खाली बसवले. “परीक्षा चालू आहे. दुसऱ्याच्या पेपरात डोकावायचं नाही.”

“पण मी ठेवलेला आहे तो!”

“ठेवलास तेव्हाच तो तुझा राहिला नाही. चला आता.”

तिघे पाठ फिरवून निघाले. गुरुजी पुढे, त्यांच्यामागे गिरिजा. तिला मागे वळून पाहण्याचा मोह फार झाला, पण ती वळली नाही. रानातून बाहेर येईपर्यंत तिची मान आपोआप ताठ झाली होती, आणि या वेळी तिला निकालाची चिंता नव्हती. व्यापाऱ्याने मात्र दोनदा मागे वळून पाहिले. मोठ्या माणसांना परीक्षेची शिस्त नसते.

शाळेच्या अंगणात नव्या तुकडीचे काही पालक आधीच येऊन थांबले होते. व्यापारी अनवाणीच होता; वहाणा घालायच्या राहून गेल्या होत्या. त्या पालकांपैकी एकाने विचारले, “काय हो शेठ, तुमच्या मुलीचा निकाल म्हणे वर्षभर अडकला होता. लागला का?”

“लागला,” व्यापारी म्हणाला. “तिनं ठेवलेलं आज तुमच्यापैकी कोणाची तरी लेक जेवली.” पालकांना काही कळले नाही. एका आईने विचारले, “म्हणजे काय हो? आणि आमच्या मुलांचा निकाल कधी?”

व्यापाऱ्याने गुरुजींकडे पाहिले. मग तो हसला आणि त्या माउलीसाठी पाणी आणायला माठाकडे गेला.

आपणही कुठून ना कुठून जेवून उठत असतोच. तिथली माती परत ओढताना आत काय ठेवले, एवढे ज्याचे त्याने आठवून पाहावे.