सत्काराची जागा

एकदा एका गावातल्या बायका हट्टाला पेटल्या आणि वेशीवरचं देशी दारूचं दुकान त्यांनी मतदान करून हलवलं. तिथले दारुडे येणाऱ्याजाणाऱ्या पोरींच्या ओढण्या ओढायचे. ते थांबलं. दुकान गेलं गावाबाहेर, माळावर.

त्या गावात एक ज्ञानी म्हातारा राहत असे. त्याचा शिष्य या कामात पुढे होता. तो पेढे घेऊन आला. "बाबा, गावातली प्रत्येक स्त्री आजपासून निर्भय झाली! हे सगळं महिला मंडळाच्या यमुनाताईंनी केलं. उद्या संध्याकाळी त्यांचा सत्कार आहे. आशीर्वादाला या."

म्हाताऱ्याने पेढा घेतला नाही. "येतो. पण मांडव मी सांगेन तिथे घाल."

"कुठे?"

"माळावर. दारूच्या दुकानासमोर."

म्हातारा बिघडला, असं शिष्याला वाटलं. पण त्याला शब्द मोडवेना.

दुसऱ्या दिवशी बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या. समोर दुकान, बाजूला पारध्यांची दहाबारा पालं. बायका बसतात न बसतात तोच शिट्टी आली. एकजण झुलत ओरडला, "वहिनी, आम्हाला नाही का हार?"

यमुनाताईंनी पदर ओढून घेतला. "बाबा, चला इथून. लेकीबाळी बरोबर आहेत. ही काय जागा झाली?"

त्याच वाटेने पालातली बिजली पाण्याचा हंडा घेऊन येत होती. मागे तिची बारा वर्षांची मुलगी, आईचा पदर घट्ट धरून.

"पाच मिनटात भ्याल्या व्हय, ताई?" बिजली म्हणाली. "माझी पोर दिसातनं चारदा जाती हितनं. परवा एकानं हात धरला तिचा. चौकीत सांगाय गेले, तर साहेब म्हणतो, आधी सांग, हा हंडा कुणाचा चोरलास?"

शिष्य पुटपुटला, "यांना विचारायचं राहून गेलं. मतदार यादीत यांची नावंच नाहीत."

"राहून कसलं जातंय!" म्हातारा कडाडला. "नाव नाही म्हणूनच हिच्या दारात दुकान टाकता आलं तुम्हाला. तुमच्या पोरीची ओढणी ओढली तर गाव उठतं. हिच्या पोरीचा हात धरला तर हिलाच चोर ठरवतात. पोर बाईची जात म्हणून तिच्यावर हात पडतो, आणि पारध्याची म्हणून हात टाकणारा मोकळा सुटतो. दोन्ही मार एकाच अंगावर. तुमचं भय कुठे गेलं नाही, बायांनो. तुम्ही ते हिच्याकडे ढकललं."

यमुनाताई निघायला उठलेल्या बायकांना म्हणाल्या, "बसा गं सगळ्या." आणि शिष्याला, "यादीत नाव घालायचे फॉर्म उद्या इथे घेऊन ये. आत्ता कोरा कागद दे. बिजलीबाई, काय झालं ते सांगा, मी लिहिते. सकाळी चौकीत आपण सगळ्या जाऊ. बघू कोण काय विचारतो."

बिजली पोरीला जवळ घेऊन सतरंजीवर टेकली आणि सांगू लागली. शिष्य कागद आणायला गेला.

बायकांच्या भल्याचं काही करायला निघालात, तर तुमच्या सभेला जिला कुणी बोलावत नाही, तिच्या दारात आधी जाऊन बसा.