पाच बोटं कमी

एका राज्यात एक नियम होता, आणि तो नियम का आहे हे कुणी विचारायचं नाही, हा त्याहून जुना नियम होता. कडी चढते, उतरत नाही, एवढाच तो नियम.

कडी म्हणजे घंटेच्या साखळीची. सिंहासनावरच्या काळ्या तुळईला एक पितळी घंटा टांगलेली होती. आद्य राजाने ती टांगताना मंत्र घातला होता. अनवाणी पायांनी, टाचा टेकून, उघड्या मस्तकाने जो ही घंटा वाजवील तो राजा. तिचा नाद डोंगरात पोचला की दगडी दार उघडेल आणि वरच्या तळ्याचं पाणी राज्यात उतरेल. राजा मेला की दार मिटेल. आद्य राजा ताडमाड माणूस होता. त्याने डोकं लावलं, घंटा वाजली, पाणी उतरलं. मग आनंदाच्या भरात त्याने रहाट फिरवून साखळी एक कडी, म्हणजे बोटभर, वर ओढली आणि म्हणाला, पुढचा माझ्याहून उंच निघो.

ती रीत झाली. दर नवा राजा घंटा वाजवी आणि लगेच, सगळ्यांदेखत, एक कडी चढवी. ढोल झडत, फुलं उधळत. राजकन्या शलाका लहान असताना तिच्या बापाने कडी चढवली, तेव्हा ती काकाच्या खांद्यावर बसून टाळ्या पिटत होती. तेव्हा काकासाहेब उभे राहू शकत. तिने विचारलं होतं, खाली कधी आणतात? काकासाहेबांनी तिच्या ओठांवर बोट ठेवलं आणि सांगितलं की कडी उतरली तर पूर्वजांची मान उतरेल, पुन्हा विचारायचं नाही.

पुढे बाप मेला. डोंगरातलं दार मिटलं. नदीची वाळू झाली, विहिरींत दोर पुरेनात, आणि गुरं माणसांच्या तोंडाकडे बघत मरू लागली.

वारस होता शलाकेचा थोरला भाऊ भानुकेत. दरबाराने त्याला घंटेखाली उभं करून मोजलं. घंटा आणि मस्तक यांच्यात पाच बोटांचं अंतर होतं. त्या राज्यात अशा वेळी काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. उत्तरेच्या खडकात कंकाळनाथ नावाचा मांत्रिक राही. तो माणसाच्या पायाचं हाड कापून, भोवती लोखंडी कडं बसवून, किल्लीने रोज थोडं थोडं ताणी, आणि मधल्या फटीत नवं हाड कोळ्याच्या जाळ्यासारखं विणलं जाई. भानुकेत तरणाबांड होता. त्याने पाचही बोटं एका दमात मागितली.

तो पालखीतून परत आला. पाय लांब झाले होते. पण शिरा ताणून इतक्या आखडल्या होत्या की पावलं खाली लोंबली होती आणि टाच जमिनीला टेकतच नव्हती. त्याला उभं करायला चार जण लागले, आणि चौघांनी सोडताच तो कोसळला. राज्यातला सगळ्यात उंच माणूस मंचकावर आडवा पडून राहिला.

आता पाळी शलाकेची आली. भाऊ आधी होता तेवढीच ती उंच, म्हणजे त्याच्याइतकीच कमी होती.

दरबार भरला. वडीलधारे उंच आसनांवर आधीपासून बसलेले होते. त्यांना येताना किंवा जाताना कुणी पाहिलेलं नव्हतं. मेणे मागच्या दाराने येत. घंटेचा नियम राजापुरता होता, पण हौस साऱ्या दरबाराला होती. कुणी मानासाठी एखादं बोट वाढवून घेतलं होतं, कुणी दोन. लग्नाच्या बैठकीत देण्याघेण्यावरून चालते तशी घासाघीस सुरू झाली. राजगुरू म्हणाले, तीन मांडीत आणि दोन नडगीत घ्यावीत, म्हणजे डौल बिघडत नाही. काकासाहेबांचं म्हणणं पडलं की सहा घ्यावीत, एक हाताशी असलेलं बरं. आत्यासाहेबांना काळजी वेगळीच होती. सहा घेतली तर हात आखूड दिसतील आणि मुलगी टोळासारखी दिसेल.

शलाका म्हणाली, "दादाला पाच सोसली नाहीत."

"त्याने घाई केली," काकासाहेब म्हणाले. "तू सावकाश घे. विहिरीवर बायका एकमेकींची डोकी फोडताहेत, पोरी. तुझे पाय मोठे की राज्य मोठं?"

लोक खरोखरच मरत होते. ती निघाली.

उत्तरेच्या खडकाशी एक डबकं होतं, आणि डबक्यात एक करकोचा एका पायावर उभा होता. त्याने मान वळवून विचारलं, "किती हवीत?"

"अजून ठरलं नाही," ती म्हणाली.

"ठरवून आत जा. मी राजपुत्र होतो. मला विचारलं तेव्हा म्हणालो, मी पुरे म्हणेन तोवर. पाय वाढत गेले. पुरे म्हणायची वेळ आली तेव्हा मला चोच फुटली होती."

शलाकेने त्याला नमस्कार केला आणि ती आत गेली.

कंकाळनाथ म्हातारा होता, स्वतः ठेंगणा होता, आणि किल्ल्यांना तेल लावत बसला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि आपणच पाच म्हणाला.

"इजा न होता पाच देता येतील?" तिने विचारलं.

त्याने एक रिकामा भोपळा तिच्या हाती दिला. "तीन गोष्टी आण. एक बोट वाढवलेल्याचं धावणं. दोन बोटं वाढवलेल्याची झोप. पाच बोटं वाढवलेल्याचं उभं राहणं. भोपळ्याचं तोंड त्यांच्याकडे धर, असेल ते आपसूक आत येईल. तिन्हींतली एकही मिळाली, तर तुला केसाइतकंही न दुखवता पाच बोटं देईन."

शलाका आधी आत्यासाहेबांकडे गेली. लग्न जुळेना म्हणून त्यांनी एक बोट घेतलं होतं. एकच तर बोट, असं त्या नेहमी म्हणत. शलाकेने त्यांना अंगणात बोलावलं आणि तुळशीपर्यंत धावून दाखवायला सांगितलं. आत्यासाहेब हसल्या, म्हणाल्या, हे काय वय आहे का. मग त्यांनी पदर खोचला, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि चालतच तुळशीपाशी पोचल्या. तिथे त्यांनी खोचलेला पदर सोडला. "लहानपणी मी तुझ्या बापाला धावून हरवायचे," एवढंच म्हणाल्या. भोपळा हलकाच राहिला.

काकासाहेबांनी दोन बोटं घेतली होती, सेनापतीपदासाठी. शलाका रात्रभर त्यांच्या दाराशी भोपळा घेऊन बसली. आतून हाडं करकरल्याचा आवाज येई, ओल धरलेल्या दारासारखा. मग कूस बदलल्याचा. मग पुन्हा करकर. उजाडलं तेव्हा काकासाहेबांनी हाक मारली, "कोण आहे? तेल आणा." ती आत गेली, तेव्हा तिला बघून ते चिडले. नोकरांदेखत त्यांनी ती हाक मागे घेतली आणि म्हणाले की आपण नुकतेच जागे झालो. भोपळा हलकाच होता.

शेवटी ती भावाकडे गेली.

भानुकेतने भोपळा बघताच ओळखलं. "मलाही दिला होता," तो म्हणाला. "मी तो दारातच फेकला. म्हटलं, मी काही म्हातारा नाही."

"उभा राहशील, दादा?"

त्याने प्रयत्न केला. तिचा खांदा धरला, मंचकाच्या काठावर आला, लोंबती पावलं जमिनीवर ठेवली. बोटं टेकली, टाचा टेकल्या नाहीत. कपाळावर घाम आला. मग तो परत आडवा झाला आणि छताकडे बघत म्हणाला, "शलाके, माझी ही पाच बोटं कुणी परत घेतली तर आणखी पाच देईन. एकदा चुळीसाठी उठून आपल्या पायांनी मोरीपर्यंत जायचं आहे."

तिने भोपळा उचलला. त्याचं वजन करायची गरज नव्हती.

ती परत खडकात आली आणि तिने भोपळा म्हाताऱ्यापुढे ठेवला. कंकाळनाथने आत डोकावूनही पाहिलं नाही.

"हाड माझं ऐकतं," तो म्हणाला, "शीर ऐकत नाही. हे मी सगळ्यांना सांगतो. सगळे ऐकून घेतात आणि आकडा सांगतात. तुझ्या आजोबाने तीन सांगितली. तुझ्या बापाने चार, आणि घंटा वाजवल्यापासून तो काठीवाचून चालला नाही. तुझ्या भावाने पाच. आता तू सांग."

शलाका थांबली. "आजोबा, बाबा, दादा. मोजलं तेव्हा तिघेही माझ्याच उंचीचे होते ना?"

"होते. हाडं मोजायला मी चुकत नाही."

"मग दर वेळी एक बोट जास्त का लागतं?"

"ते मला विचारू नकोस," कंकाळनाथ म्हणाला. "मी हाडांचा माणूस. साखळीचा नाही."

तिने टाळ्या पिटल्या होत्या. ढोल होते, फुलं होती. साऱ्या राज्यादेखत बापाने ती कडी चढवली होती, आणि सारं राज्य नाचलं होतं.

म्हाताऱ्याने किल्ली पुढे केली. "किती?"

शलाका उठली. तिने एकही बोट मागितलं नाही.

दरबारात सगळे वाट बघत होते. बाहेर माणसं रिकाम्या घागरी घेऊन उभी होती. तिने भावाचा मंचक उचलून आणवला आणि घंटेशेजारी ठेववला. ती स्वतःच्या पायांनी चालत येते आहे, तिचे पाय तेवढेच आहेत, हे बघून काकासाहेबांचा चेहरा उतरला.

"किती ठरलं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली आणि रहाटाकडे वळली.

रहाटावर पहारा नव्हता. तिथे चुकीचा हात लागेल असं कधी कुणाच्या मनातच आलं नव्हतं. तिने खुंटी काढली तेव्हा राजगुरू ओरडले की पूर्वजांचा अपमान होतो आहे, पूर्वजांसमोर ताठ उभं राहायचं असतं.

शलाकेने त्यांच्याकडे पाहिलं. "बरोबर आहे. तुम्ही राहा उभे. तुमच्यातला जो कुणी उठून इथवर चालत येईल आणि माझा हात धरील, त्याचं मी ऐकेन. म्हणेल तेवढी बोटं घेईन."

आसनं करकरली. काकासाहेबांनी दोन्ही हात टेकून जोर लावला. गुडघे हलले, आणि ते पुन्हा बसले. आत्यासाहेब तेवढ्या उठल्या. त्या एक एक पाऊल टाकत रहाटापर्यंत आल्या, त्यांनी शलाकेचा हात धरला, आणि तिच्या हाताबरोबर रहाट उलटा फिरवला.

कडी उतरली. दुसरी उतरली. कुठल्याही पूर्वजाची मान उतरली नाही. पाचवी कडी उतरली तशी शलाकेने रहाटाला खुंटी घातली, अनवाणी घंटेखाली उभी राहिली आणि टाचा टेकून डोकं लावलं. घंटा वाजली.

डोंगरात दगड दगडावरून सरकला. मग पाण्याचा आवाज आला, आणि बाहेर घागरी ठेवल्याचे आवाज आले. उत्तरेच्या डबक्यातून करकोच्याऐवजी एक ठेंगणा, चिखलाने भरलेला माणूस बाहेर पडला आणि आपल्या आखूड पायांनी धावत सुटला. कंकाळनाथच्या किल्ल्या तेलातल्या तेलात गंजून गेल्या.

भानुकेतचे पाय मात्र तसेच राहिले. जी शीर एकदा आखडली ती कुठल्याही नादाने सैल होत नाही.

वडीलधाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. घंटा वाजली होती, पाणी उतरलं होतं. ते नाकारता येईना, तेव्हा त्यांनी ते स्वीकारलं. काकासाहेब घसा साफ करून मोठ्या समजुतीने म्हणाले, "झालं ते झालं. तू राणी झालीस. आता रीतीप्रमाणे एक कडी चढव."

ढोलवाल्यांनी टिपऱ्या उचलल्या.

"नाही," शलाका म्हणाली.

तिने रहाटाची खुंटी पुन्हा काढली आणि साखळी सोडत राहिली. घंटा तिच्या डोक्याखाली गेली, खांद्याखाली गेली, आणि मंचकावर पडलेल्या भावाच्या कपाळाशी येऊन थांबली. भानुकेतने मान किंचित उचलली.

घंटा वाजली.