चिताऱ्याचा कोरा कागद

फार पूर्वी, डोंगराआडच्या एका गावात एक चितारी राहत होता. त्या गावची रीत मोठी गोड होती. पळस फुलला की ज्याचं ज्याच्यावर प्रेम असेल, त्याने त्याला रंगवलेला कागद द्यायचा. कागदावर प्रेमाचं एखादं वाक्य, भोवती वेलबुट्टी. लोक आपापली आवडती वाक्यं घेऊन यायचे, चितारी ती रंगवून द्यायचा. पळसाचा केशरी रंग उकळायला, डिंक भिजवायला आणि कागदाच्या कडा कातरायला त्याची बायको असायची.

पण वर्षानुवर्षं तीच ती वाक्यं! लोक कंटाळले. "काहीतरी नवं काढा की," म्हणू लागले. चितारी डोकं खाजवत बसला. हात सोन्याचा होता, पण बोलण्याच्या बाबतीत गडी अगदी ठणठणगोपाळ.

एके दिवशी ताट वाढताना बायको सहज म्हणाली, "तुम्ही घरात आलात की मगच मला भूक लागते बघा."

चितारी ताटावरून ताडकन उठला. "थांब, थांब! पुन्हा म्हण!" त्याने ते वाक्य कागदावर उतरवलं, भोवती मोर काढले. दुसऱ्या दिवशी तो कागद सोनाराच्या दारावर झळकला. गावाने चिताऱ्याला डोक्यावर घेतलं.

मग त्याला चटकच लागली. बायको एकदा म्हणाली, "म्हातारपणी कान गेले तरी तुमची पावलं मला ऐकू येतील." तेही वाक्य आठवड्याभरात कुणाच्या तरी भिंतीवर गेलं.

एक दिवस तिने कातर खाली ठेवली. "अहो, ते मी तुम्हाला म्हटलं होतं. गावाला नाही."

"अगं, पण कागद केवढा सुरेख झालाय!"

"झालाय ना. पण तुम्ही मला काय म्हणालात?"

चितारी गोंधळला. "सुरेख आहे म्हणालो की!"

त्या दिवसापासून ती बेतानेच बोलू लागली. "जेवण वाढलंय." "पाणी भरलंय." "रंग उकळलाय." यातलं काय रंगवणार? "बोल ना काहीतरी," तो मागे लागायचा. ती नुसती हसायची आणि कडा कातरत राहायची. घरात दिवसभर कातरीचाच आवाज. आपलं काहीतरी हरवत चाललंय हे त्या शहाण्याला कळलंच नाही. बायकोची वाक्यं आटली, एवढंच दुःख त्याला होतं.

पुढे ती आजारी पडली. अंथरुणाला खिळली. एका दुपारी तिने त्याला हाताने खुणावलं. "जवळ या. एक सांगायचं राहिलंय."

चिताऱ्याचं काळीज हललं. पण सवय वाईट! हात आपसूक कुंचल्याकडे गेला. "थांब हं, विसरू नकोस. आलोच!"

तो आतल्या खोलीत धावला. रंग सुकला होता, त्यात पाणी घातलं. साधा कागद नको म्हणून जाड कागद शोधला. त्याच्या कडा तिनेच कातरून ठेवल्या होत्या. सगळं घेऊन तो बाहेर आला.

"हं, बोल आता."

ती बोलली नाही. तिचा श्वास थांबला होता.

पुन्हा पळस फुलला. चितारी गावभर हिंडला. दारोदारी तिची वाक्यं होती, आपल्या घरी मात्र एकही नव्हतं. सोनाराच्या सुनेला तो म्हणाला, "पोरी, हा मोरांचा कागद मला देशील?"

सून अवघडली. "काका, हा यांनी मला दिलाय हो. मी कसा देऊ?"

तिचं काय चुकलं? तो घरी आला. तो जाड कागद अजून कोराच होता. तो त्याच्यासमोर बसला आणि इतक्या वर्षांचं उत्तर एकदाचं त्याच्या तोंडून बाहेर पडलं. "मलासुद्धा गं. तू समोर असलीस की मगच घास गोड लागायचा."

चूल थंड होती. ऐकायला कुणी नव्हतं.

तात्पर्य: प्रेमाने बोललेला शब्द जगाला दाखवण्याआधी त्याला उत्तर द्यावं. बोलणारं माणूस कायम समोर बसून राहत नाही.