'थारे' या शब्दाचा अर्थ

फार पूर्वी शोणवती नगरीत राजा दृढसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका कासाराच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव धम्मिल. बांगड्यांची पेटी घेऊन तो घरोघर हिंडे. परक्या बाईचा हात हातात घेण्याची मुभा गावात एका कासारालाच असते, त्यामुळे कोणाचे मनगट दुखरे आहे हे त्याला आधी कळे.

नदीकाठच्या आळीत समुद्रापलीकडून आलेले विणकर राहत. त्यांची भाषा नगरीत कोणालाच येत नसे. लोकांनी एकच शब्द उचलला होता, 'थारे'. कशी आहेस असे विचारले, की त्या बायका 'थारे' म्हणत. म्हणजे सगळे ठीक आहे, असे शोणवतीकरांनी परस्पर ठरवून टाकले होते आणि आपल्याला परकी भाषा येते म्हणून ते मिरवतही असत.

वेलुमा त्याच आळीतली. तिचा नवरा कोरंग तिला मारी आणि ती नको नको म्हणत असताना तिच्यावर बळजबरी करी. तिला माहेर फार आठवे. सुपारीच्या बागेतला ओला वास, अंगणात वाळत घातलेली कोळंबी, तिच्यावर टपलेल्या कावळ्यांना शिव्या देणारी आई. हे कोणाला सांगावे? शेजारणी आपापल्या दारामागे गप्प होत्या.

धम्मिलही वर्षभर तिच्या काळ्यानिळ्या हातात बांगड्या भरून, 'थारे' ऐकून घरी जात होता. एका महिन्यात तिसऱ्यांदा तिच्याकडून बोलावणे आले, तेव्हा तो चपापला. हिच्या फुटक्या बांगड्यांवर आपला धंदा चालला आहे, हे त्याच्या ध्यानात आले. त्या दिवसापासून तो दुपारी एका म्हाताऱ्या विणकरणीपाशी बसून तिची भाषा शिकू लागला. 'थारे'चा अर्थ कळला तेव्हा तो शरमेने मान खाली घालून बसला.

पुढच्या वेळी त्याने वेलुमाला तिच्या भाषेत विचारले, "ताई, तुझ्या आईच्या अंगणात काय वाळत असे?" पण आईऐवजी तो बदक म्हणाला. वेलुमा खळखळून हसली, मग रडली. मग कोळंबी सांगितली, कावळे सांगितले आणि शेवटी सगळेच सांगितले.

"दादा, मला इथून बाहेर काढ."

धम्मिलने तिला आपल्या बहिणीच्या घरी ठेवले. कोरंग न्यायाध्यक्षाकडे गेला. आळीचा मुखिया धम्मिलला म्हणाला, "गप्प बैस. नाहीतर आळीतले एकही दार तुला उघडणार नाही." धम्मिलचा निम्मा धंदा त्याच आळीत होता.

न्यायाध्यक्षाने वेलुमाला विचारले, "नवऱ्याकडे बरी होतीस ना?"

समोर कोरंग उभा होता. तिच्या तोंडून सवयीने शब्द निघाला, "थारे."

"झाले तर! घेऊन जा हिला."

धम्मिल पुढे आला. "महाराज, वर्षभर मीही हेच ऐकून परत जात होतो. यांच्या बेटावर वादळात शेजारी हाक मारून विचारतात, तेव्हा आतून 'थारे' म्हणतात. म्हणजे, घर अजून पडले नाही. आता हिला हिच्या भाषेत बोलू द्या. मी ते जसेच्या तसे आपल्या भाषेत सांगेन, माझ्या पदरचे काही घालणार नाही."

वेलुमा बोलली. पुष्कळ वेळ बोलली. ऐकता ऐकता न्यायाध्यक्षाची मान खाली गेली. तिला नवऱ्याकडे धाडायचे नाही, असा निवाडा त्याने दिला.

आळी धम्मिलला बंद झाली ती झालीच. पण त्या आळीतल्या बायका एकेक करून त्याच्या बहिणीच्या ओसरीवर येऊ लागल्या. वेलुमा त्यांना आधी माहेरचे विचारी. स्वतःचे माहेर तिला पुन्हा कधी दिसले नाही. ओसरीवर ते रोज थोडे थोडे बोलले जाई, तेवढेच.

भिक्षूंना ही कथा सांगून भगवान शास्ता म्हणाले, "तेव्हाची वेलुमा म्हणजे ही वडीलधारी भिक्षुणी, थेरी रेवणा. आणि न्यायाध्यक्ष म्हणजे आपला पुण्णक, जो आजही वाक्य संपण्याआधीच समजले म्हणतो."

भिक्षू हसले. पुण्णकही हसला.

"आणि धम्मिल मीच होतो," शास्ता म्हणाले. मग ते रेवणेकडे वळले. "करुणा पारमिता मी त्या जन्मी आचरली, असे लोक म्हणतील. पण थेरी, ते पहिले वर्ष मी अजून विसरलेलो नाही."