टिपणिसांचं ऐकणं

“मग तिच्याशी काय बोलू, तेवढं तरी सांगा बाबा.”

टिपणिसांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. लतीफशा फकीर गावाबाहेरच्या आपल्या तकियात, म्हणजे फकिरी मठीत, ओट्यावर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

बोलणाऱ्याची बोरंही विकतात म्हणतात. टिपणिसांनी तर लोकांना बोलायला शिकवून बंगला बांधला होता. कंपन्यांत जायचं, चाळिशी-पन्नाशीतल्या साहेबांना गोल करून बसवायचं आणि हाताखालच्या माणसाचं ऐकावं कसं ते शिकवायचं. समोरचा जे सांगेल ते आपल्या शब्दांत त्याला परत सांगावं, हा त्यांचा हुकमी धडा. बावीस वर्षं शिकवला. टाळ्या पडायच्या.

घरी मात्र मुलगी बोलत नव्हती.

बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. एकुलती एक मृणाल संसार मोडून माघारी आली, त्यालाही पाच महिने झाले. ‘जेवण झाकून ठेवलंय’ यापलीकडे शब्द नाही. एवढ्या मोठ्या घरात माणसं दोन, आणि टिपणिसांवर भिंतीशी बोलायची पाळी आली होती.

आली त्या दिवशी काय म्हणाली, असं बाबांनी विचारलं.

नवरा दोन वर्षं मारत होता, हे तिनं त्या दिवशी सांगितलं होतं.

“मग तू?”

“मी नीट ऐकलं. मध्ये तोंड घातलं नाही. नजर हलवली नाही. मग म्हणालो, म्हणजे तुला असं सांगायचंय की त्या घरात तुला सुरक्षित वाटत नव्हतं.”

“मग ती?”

“म्हणाली... पप्पा, मी तुमच्या वर्गात बसलेय का?”

बाबांचा हात शेंगेवर थांबला.

“आणि तुला काय झालं?”

“म्हणजे तुम्हाला असं विचारायचंय की माझी प्रतिक्रिया...”

बाबांनी नुसतं बघितलं. रागानं नाही. पण वाक्य तिथंच राहिलं.

“मला...” टिपणीस म्हणाले. “तिच्या मनगटावर... तो डाग...”

पुढचं येईना. जन्मभर शब्दांवर पोट भरलेला माणूस, आणि एक शब्द सापडेना त्याला. मान खाली गेली. हमसून हमसून रडले बिचारे. रडायलासुद्धा परक्याच्या ओट्यावर यावं लागलं, याचं मला फार वाईट वाटतं.

...

बाबा समजूत घालायला उठले नाहीत. शेंगा तशाच मांडीवर होत्या.

बऱ्याच वेळानं टिपणीस सावरले. घसा खाकरला, केस सारखे केले, पुन्हा साहेब झाले. माफ करा, माझं असं कधी होत नाही, म्हणाले. मग तोंड धुवायला कोपऱ्यातल्या रांजणाकडे वळले.

बाबा गुडघ्यावर हात टेकत उठले. त्यांच्याआधी पोचले आणि रांजणावर झाकण ठेवलं.

“पाणी नाही का, बाबा?”

“आहे.”

“मग...?”

“घरी जाऊन धू. पोरगी दार उघडेल, तुझं हे तोंड बघेल, त्यानंतर.”